वाचकाच्या वतीने नकार देऊ नका
(दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र)

मराठी दिवाळी अंकांच्या संपादकांस,


आषाढ लागला की तुमचे निरोप लेखकांकडे जायला लागतात. कथा हवी, गणपतीच्या आत हवी, शब्दमर्यादा अमुक. आणि निरोपाच्या शेवटी, जवळजवळ सवयीने, एक वाक्य येते: जरा वाचनीय असू द्या, फार प्रयोग नकोत, आमच्या वाचकाला झेपत नाहीत. लेखकमंडळींकडून हे इतक्यांदा ऐकले आहे की ते आता कुणा एका संपादकाचे वाक्य राहिलेले नाही, सगळ्या हंगामाचे झाले आहे. ज्या वाचकाच्या नावाने ही अट घातली जाते तो वाचक म्हणजे मी आणि माझ्यासारखे कितीतरी जण. ग्रंथालयाच्या दिवाळी अंक योजनेत पैसे भरून आम्ही दिवाळीपासून पुढचे काही महिने तुमचे अंक आलटून पालटून घरी नेतो. हा नकार आम्हाला न विचारता आमच्या वतीने दिला जातो, म्हणून त्यावर आमच्यापैकी कुणीतरी बोलायला हवे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगते. मराठी वाचकाला गोष्ट सांगण्याच्या नव्या तऱ्हेचे वावडे नाही आणि कधी नव्हते. त्याला वावडे आहे ते परीक्षेला बसवल्यासारख्या वागणुकीचे. कथा त्याच्या हाती गोष्ट म्हणून पडते की प्रश्नपत्रिका म्हणून, हे लेखकाइतकेच तुमच्यावर अवलंबून असते.

आधी वारशाचे बोलू. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. लीळाचरित्रात त्या सलग चरित्रासारख्या ओतलेल्या नाहीत. एकेक लीळा सुटी आहे, काही चार ओळींची, काही पानभर. एकच प्रसंग कुणाला कसा आठवला याचे भेदही परंपरेने पाठांमधून जपले. आजच्या समीक्षेत याला खंडित निवेदन, बहुसाक्षी कथन अशी भारदस्त नावे मिळतील. तेव्हाच्या श्रोत्यांना ती नावे लागली नाहीत. कीर्तनकार उत्तररंगातले आख्यान ऐन रंगात आलेले असताना तोडतो, गावातल्या कुणाला तरी कोपरखळी मारतो, पद म्हणतो आणि पुन्हा द्रौपदीच्या स्वयंवरात जाऊन उभा राहतो. वगातला सोंगाड्या राजाच्या दरबारातून थेट पुढच्या रांगेतल्या माणसाची थट्टा करतो. कथनाची सलगता भंगली म्हणून कुणी घोंगडी झटकून घरी गेल्याचे ऐकिवात नाही.

आणि हे फार जुन्या काळाचेही नाही. १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. माणसांचीच भिंत, तीच गाते, तीच नाचते, क्षणात तीच पुण्याचे ब्राह्मण होते आणि क्षणात दार. त्यावर वाद पेटला तो इतिहासावरून आणि जातीवरून. ‘हे कळत नाही’ अशी प्रेक्षकांची तक्रार नव्हती. दोन वर्षांनी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेला भाऊराव स्वतःच स्वतःच्या मरणाचे कीर्तन करू लागला. मेलेला माणूस बोलतो कसा, असे विचारण्याऐवजी लोक हसले, आणि हसता हसता गप्प झाले. तिकीट काढून हे पाहणारी आणि दिवाळी अंक घरी नेणारी घरे बऱ्याच अंशी तीच होती. नाट्यगृहात ज्याला झेपते त्याला आरामखुर्चीत झेपत नाही, हे कसे?

कादंबरीचीही साक्ष काढू. १९६३ साली रा. ज. देशमुखांनी पंचवीस वर्षांच्या भालचंद्र नेमाडे यांची पहिली कादंबरी छापली. ‘कोसला’ वाचायला घेतलेल्या त्या वेळच्या वाचकाला कादंबरीचे जे संकेत पाठ होते, त्यांतले जवळजवळ काहीच तिच्यात नव्हते. सुघड कथानक नाही, नायकाला साजेसा नायक नाही, भाषेला इस्त्री नाही. पांडुरंग सांगवीकर बोलत सुटतो, मध्येच रोजनिशी लिहितो. तो आणि त्याचा मित्र भविष्यातले इतिहाससंशोधक होऊन आपल्याच काळाचे उत्खनन करू लागतात. मनू ही धाकटी बहीण मरते तेव्हा तोवर थट्टेखोर असलेली तीच भाषा तुटून पडते. या सगळ्याने वाचक पळून गेला का? वसतिगृहांतल्या एका पिढीने पांडुरंगाची बोलण्याची ढब उचलली. साठ वर्षे उलटली तरी कादंबरी छापली जाते आहे, नव्याने भांडणे लावते आहे. तिला नाके मुरडणारे होतेच, पण त्यांत व्यासंगी मंडळी कमी नव्हती. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या मुलांना मात्र ती समजावून सांगावी लागली नाही. त्यांच्या आयुष्यालाच सुघड कथानक नव्हते.

गंमत अशी की त्याच १९६३ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये हुलिओ कोर्तासारची ‘रायुएला’ आली. १५५ प्रकरणे. लेखकाने सुरुवातीलाच दोन वाटा सांगितल्या: एक तर पहिल्यापासून छप्पनाव्यापर्यंत सरळ वाचा आणि थांबा, नाहीतर त्र्याहत्तराव्यापासून सुरू करून दिलेल्या क्रमाने उड्या मारत जा. या दुसऱ्या वाटेच्या अखेरीस दोन प्रकरणे एकमेकांकडे बोट दाखवत राहतात, म्हणजे पुस्तक संपतच नाही. कोर्तासारला वाचक पाहुणा म्हणून नको होता, कटातला साथीदार म्हणून हवा होता. नेमाडे आणि कोर्तासार यांनी एकमेकांचे काही वाचून हे केलेले नाही. दोन खंडांत, दोन भाषांत, एकाच वर्षी दोघांनी वाचकावर सारखाच विश्वास टाकला, आणि दोन्हीकडे वाचकाने तो सार्थ ठरवला.

इथे तुमचा आक्षेप मला ऐकू येतो. ‘कोसला’ एखादीच. तिच्या नावाखाली येणाऱ्या शंभर हस्तलिखितांचे काय करायचे? पानभर विरामचिन्हे नाहीत, पात्रांना नावे नाहीत, काळ उलटासुलटा, आणि शेवटी हाती काही नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. असल्या कथा मीही अर्ध्यावर सोडल्या आहेत आणि त्याबद्दल मला जराही अपराधी वाटत नाही. पण मग रेषा ओढायची ती नीट ओढूया. प्रयोग विरुद्ध वाचनीयता ही रेषाच चुकीच्या जागी आहे. खरी रेषा कारण असलेला प्रयोग आणि कारण नसलेला प्रयोग यांच्यामध्ये आहे.

कारण म्हणजे काय, ते एका इंग्रजी कादंबरीवरून सांगते. बी. एस. जॉन्सनची ‘द अनफॉर्च्युनेट्स’ १९६९ मध्ये आली ती पेटीत. आत २७ सुट्या पुड्या. पहिली आणि शेवटची यांवर तशी खूण आहे, मधल्या पंचवीस कोणत्याही क्रमाने वाचायच्या. नुसते हे ऐकले तर चाळा वाटेल. आतली गोष्ट अशी: एक वार्ताहर फुटबॉलच्या सामन्याची बातमी करायला एका शहरात उतरतो आणि त्याच्या ध्यानात येते की कर्करोगाने गेलेला आपला मित्र इथेच राहायचा. मग दिवसभर सामना, स्टेशन, जेवण, आणि मधूनच मित्र. गेलेल्या माणसाची आठवण तारीखवार येत नाही. आजारपणातला चेहरा आधी येतो, मग लग्नातला, मग पुन्हा आजारपणातला. ती पेटी बांधीव पुस्तकात घातली तर काहीतरी खरे असलेले खोटे होते. प्रयोगाची कसोटी मला एवढीच ठाऊक आहे: हीच गोष्ट सरळ सांगून पाहावी, आणि त्यात काही हरवले नाही तर वाकडी वाट लेखकाने केवळ मिरवायला धरली होती असे समजावे.

ही कसोटी आपल्याकडच्या लेखनालाही लावता येते. किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’मध्ये (१९७४) कुशंक पुरंदरे काळाच्या मागेपुढे उड्या मारतो, कारण त्याच्या आयुष्याचाच हिशोब जुळत नाही. विलास सारंगांनी बसऱ्यात घालवलेल्या काळातून ‘एन्कीच्या राज्यात’ आली. तिच्यातला परकेपणा भाषेच्या कोरडेपणातून जाणवतो, परकेपणावरच्या चिंतनातून नाही. श्याम मनोहरांच्या ‘शंभर मी’मध्ये एकाच्या जागी अनेक ‘मी’ बोलतात, कारण एका ‘मी’ने सगळ्यांच्या वतीने बोलावे यावर त्या लेखनाचा विश्वासच नाही. आणि हे सगळे किती विनोदी आहे! श्याम मनोहरांना गंभीर लेखक म्हणून उंच फळीवर ठेवणाऱ्यांनी ते मोठ्याने वाचून पाहावेत, घरातले दुसरे कुणीतरी हसत बाहेर येईल. त्यांच्या ‘उत्सुकतेने मी झोपलो’ या कादंबरीला २००८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण तिचे वाचक पुरस्काराआधीही होते.

आजचे पाहा. जयंत पवारांनी गिरण्या संपल्यानंतरच्या मुंबईतल्या माणसांच्या कथा लिहिल्या, तेव्हा वास्तव आणि अद्भुत यांच्यामधला पडदा त्यांनी जागोजाग फाडला. अशी मुंबई सरळ वास्तववादात मावत नव्हती. अवधूत डोंगरे यांच्या ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’ या लहानशा कादंबरीत निवेदक स्वतःच्या महत्त्वाबद्दलच साशंक आहे, आणि पुस्तकाचा सबंध आकार त्या शंकेला धरून आहे. किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ने गावातून निघालेल्या मुलाचे बदलत जाणे नोंदवले. प्रवीण बांदेकरांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ने आजच्या राजकीय भीतीबद्दल बोलायला कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचा आधार घेतला. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’मध्ये धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहून रानटी झालेल्या म्हशीला आणायला परत जातो. कादंबरीची भाषा बोलीत आहे ती फक्त संवादांपुरती नाही, निवेदनही त्याच मातीतले आहे. शेवटच्या तिन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीने २०२१, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ तीन वर्षे गौरवले. म्हणजे जे लेखन तुमच्या निरोपात ‘फार प्रयोग’ ठरते, त्याच्या जवळपासचे लेखन आज मराठी गद्याचा मुख्य प्रवाह होऊ पाहते आहे. अंक मात्र अजून त्याला अंग चोरून बसायला सांगतात.

आता वाचकावर होणाऱ्या परिणामाकडे येते, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. १९१७ मध्ये व्हिक्टर श्क्लोव्हस्की या रशियन समीक्षकाने एक विचार मांडला. सवयीमुळे आपल्याला समोरच्या वस्तू दिसेनाशा होतात, आणि कलेचे काम त्या पुन्हा अनोळखी करून दाखवण्याचे, म्हणून पाहणे अवघड करण्याचे आणि लांबवण्याचे. बरीच वर्षे हे केवळ मत होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डेव्हिड मायल आणि डॉन क्युकेन यांनी ते तपासून पाहिले आणि १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचकांना संगणकावर कथा तुकड्यातुकड्याने दाखवली, प्रत्येक तुकड्यावर किती वेळ गेला तो मोजला. जिथे भाषा नेहमीच्या चाकोरीतून बाहेर पडत होती तिथे वाचकांचा वेग मंदावला, आणि तेच तुकडे त्यांना अधिक लक्षवेधी, अधिक भावना चाळवणारे वाटले. तुमच्यासाठी कळीचा भाग पुढे आहे: हा प्रतिसाद वाचकाच्या साहित्यिक तयारीवर अवलंबून नसल्याचे त्यांना आढळले. अडखळणे, थांबणे आणि हलणे हे सगळ्यांच्याच बाबतीत घडत होते, मुरलेल्या वाचकांपुरते नव्हते. ज्याला तुम्ही ‘झेपत नाही’ म्हणता ते बरेचदा हे थांबणे असते. थांबलेला वाचक म्हणजे गमावलेला वाचक, असे आपण धरून चालतो. तो तिथे काही करत असतो, त्याला जरा वेळ द्या.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले रोल्फ झ्वान यांचे संशोधन तुम्ही संपादक म्हणून भिंतीवर लावावे असे आहे. त्यांनी काही उतारे घेतले जे बातमी म्हणूनही खपतील आणि साहित्य म्हणूनही. काहींना सांगितले ही बातमी आहे, काहींना सांगितले हे साहित्य आहे. शब्द तेच होते. साहित्य समजून वाचणारे सावकाश वाचत गेले आणि त्यांना नेमके शब्द जास्त लक्षात राहिले. बातमी समजून वाचणाऱ्यांना शब्द कमी आठवले, पण प्रसंग कसा घडला याचे चित्र त्यांच्या मनात अधिक पक्के झाले. म्हणजे मजकूर हातात देताना कानात काय सांगितले, यावर वाचन बदलते. कानात सांगणारे तुम्ही असता.

आणि तुम्ही काय सांगता? कथेच्या डोक्यावर ‘वेगळ्या वळणाची कथा’, ‘प्रयोगशील’, ‘चोखंदळ वाचकांसाठी’ अशी पट्टी असते. ती वाचली की माझ्यासारखी वाचक पाठ ताठ करून बसते. यातले प्रतीक कोणते, काळ कुठे बदलला, मला कळले नाही तर मी चोखंदळ नाही काय, हे सगळे कथेचा पहिला शब्द वाचण्याआधीच डोक्यात सुरू होते. मग त्या कथेत विनोद असला तरी दिसत नाही, दुःख असले तरी पोचत नाही. ‘रेत समाधि’चे उदाहरण ताजे आहे. गीतांजली श्री यांची ही हिंदी कादंबरी २०१८ मध्ये आली. तिच्यात दारे आणि रस्तेही गोष्टीत भाग घेतात, वाक्ये वाटेत खेळत बसतात, आणि ऐंशी वर्षांची एक बाई पलंगावरून उठून सरहद्द ओलांडते. तिच्या भाषांतराला २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले आणि ज्यांनी तिचे नावही ऐकले नव्हते तेही ती मागू लागले. पुस्तकातला एक शब्दही बदललेला नव्हता. बदलले होते ते हातात देणाऱ्याचे वजन. पुरस्कार देणारे जे काम एकदाच करतात ते तुम्ही दर दिवाळीला करू शकता.

एक सावधगिरीचा शब्दही इथेच. प्रयोगशील साहित्य वाचल्याने माणूस चांगला होतो, दुसऱ्याचे मन ओळखू लागतो, असल्या जाहिराती कृपा करून करू नका. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात असे एक संशोधन आले होते: ललित साहित्याचा छोटा उतारा वाचल्यावर लगेच दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता वाढते म्हणून. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. पुढे इतर संशोधकांनी तेच पुन्हा करून पाहिले तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. वाचनाचे गुण औषधाच्या बाटलीवर छापण्यासारखे नाहीत. कथा वाचून मी सुधारते की नाही ते माझे मी बघीन, तुम्ही कथा द्या.

आणखी एक गोष्ट तुमच्या हिशोबात येत नाही असे वाटते. आजचा वाचक रोज संध्याकाळी काय पाहतो? मोबाइलवरच्या मालिकेत एक भाग पंचवीस वर्षे मागे जातो, पुढचा आज येतो, खुनी पहिल्याच दृश्यात दिसतो आणि कारण आठव्या भागात. सासूबाई, सून आणि नातू हे एकत्र बसून पाहतात आणि काळ कधी बदलला यावर त्यांचे भांडण होत नाही. तुटक कथन समजण्याचा सराव या समाजाला इतका कधीच नव्हता. या वाचकाला दिवाळी अंकात मात्र पहिल्या परिच्छेदात पाऊस, शेवटच्या परिच्छेदात डोळ्यांत पाणी, अशी कथा दिली जाते आणि वर पुन्हा वाचक कमी झाले म्हणून परिसंवाद भरतो. वाचक तुमच्या पुढे निघून गेला असण्याची शक्यता त्या परिसंवादात एकदा तरी विषय म्हणून ठेवा.

तुमच्या आधीच्या संपादकांकडे मी आदराने पाहते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तोच मुळात एक धाडसी प्रयोग होता. इंग्रजी नियतकालिकांचे ख्रिसमस अंक पाहून सुचलेली कल्पना मराठी सणाला जोडायची आणि वाचक घेईल असा भरवसा धरायचा. बडोद्याहून निघणाऱ्या ‘अभिरुची’ने नव्या लेखनाला घर दिले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’ने नवकथेची पाठराखण केली. लेखकांना सविस्तर पत्रे लिहून, कथा परत पाठवून, पुन्हा मागवून त्यांनी एक पिढी घडवली. पण त्याच ‘सत्यकथे’ची पुढे चौकट झाली, आणि १९६९ मध्ये लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी तिचा अंक जाळला. ‘असो’, ‘येरू’, ‘फक्त’ यांसारखी मोजक्या पानांची, खिशातल्या पैशांवर निघणारी अनियतकालिके तेव्हा ज्यांना जागा देत होती, त्यांच्यापैकी कितीतरी आज अभ्यासक्रमात आहेत. या सगळ्यातून मला एवढेच दिसते की नव्याला जागा दिली नाही तर ते थांबत नाही, दुसरीकडे निघून जाते आणि जाताना वाचकही घेऊन जाते.

तर आता मागण्या, कारण खुले पत्र नुसते गाऱ्हाणे सांगून संपू नये.

पहिली मागणी पट्ट्यांची. ‘प्रयोगशील कथा’ असा वेगळा विभाग करू नका. तिला इतर कथांच्या रांगेत, नामवंतांच्या शेजारी बसवा. फार तर लेखकाविषयी दोन साध्या ओळी द्या. कथा कशी वाचावी हे सांगू नका.

दुसरी पानांची. ज्या कथेत रिकामी ओळ, तुटलेला परिच्छेद, मध्येच येणारी यादी यांना अर्थ आहे, ती कथा सराफाच्या जाहिरातीभोवती गुंडाळू नका. ऐन मोक्याला तोडून ‘उर्वरित मजकूर पान २१४ वर’ असे लिहिणे हा कोणत्याही कथेवर अन्याय आहे, पण अशा कथेचा त्याने जीवच जातो. जागा वाचवायला ओळीतले अंतर बुजवण्याआधी लेखकाला एक फोन करा आणि छापण्याआधी पानांची प्रत त्याला दाखवा. शेवट फोडणारे चित्र आणि चौकटीत उचललेले वाक्य, दोन्ही टाळा.

तिसरी लांबीची. गोष्टीचा नवा घाट दोन हजार शब्दांत नेहमीच बसत नाही. वाचकाला त्या घाटाची सवय व्हायलाच काही पाने लागतात. वीस लहान कथांऐवजी बारा घ्या आणि त्यांत दोन दीर्घकथा ठेवा. आम्ही काही महिने अंकच वाचत असतो, आम्हाला घाई नाही.

चौथी नकाराची. कारण नसलेला प्रयोग निर्धास्त परत करा, पण ‘आमच्या वाचकाला झेपणार नाही’ हे कारण देऊ नका. ‘ही गोष्ट सरळ सांगितली असती तर काय बिघडले असते?’ असे विचारा. चांगल्या लेखकाकडे याचे उत्तर असते, आणि ज्याच्याकडे नसते त्यालाही या प्रश्नाचा पुढच्या कथेत उपयोग होतो. सोयीच्या कथेलाही हाच प्रश्न उलटा विचारा: ही गोष्ट या ठरीव पद्धतीनेच का सांगितली?

पाचवी आमची. गेल्या वर्षीच्या अंकातल्या कथांवर वाचकांनी काय म्हटले यासाठी नव्या अंकात दोन पाने राखून ठेवा. वार्षिकाला पत्रव्यवहाराचे सदर नसते, त्यामुळे कथा छापली गेल्यावर तिचे काय झाले हे तुम्हालाही कळत नाही आणि लेखकालाही नाही. आवडली, आवडली नाही, इथे अडले, इथे पुन्हा मागे जाऊन वाचले, इतके साधे लिहू द्या. वाचकाला काय झेपते याचा पुरावा तुम्हाला हवा असेल तर तो तिथे मिळेल, अंदाजाने नाही.

मला ठाऊक आहे की अंक काढणे सोपे नाही. कागद महाग आहे, जाहिरातदार हात आखडतात, टपालखर्च वाढला आहे, आणि एखादी कथा लोकांनी उलटून टाकली तर बोल तुम्हाला लागतो. म्हणून सगळा अंक उलटापालटा करा असे मी म्हणत नाही. राशिभविष्य असू द्या, पाककृती असू द्या, हास्यचित्रे तर हवीतच. ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या उत्तम कथाही हव्यात, त्या लिहिणे तितकेच कठीण आहे. फक्त यंदा लेखकांना निरोप पाठवाल तेव्हा त्यातले ते एक वाक्य काढून टाका. आमच्या कुवतीचा निर्णय आम्हाला करू द्या. एखादी कथा आम्हाला आवडणार नाही, ती आम्ही सोडून देऊ आणि पुढच्या पानावर जाऊ. तेवढा अधिकार वर्गणी भरणाऱ्याला असतो. पण जी कथा तुम्ही छापलीच नाही, ती आवडण्याचा अधिकार मात्र आमच्यापासून कायमचा काढून घेतलात असे होते. तो काढून घेऊ नका, एवढीच विनंती.



आपली,
दिवाळी अंक योजनेची एक वर्गणीदार वाचक